आईच्या हाकेबाहेर

४ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या टिटवीने मागच्या बाजूला काढलेला घोडाही पोचला. त्याला पाच पाय का आहेत ते तेवढं तिला विचार. ती शेपूट असेल तर जमिनीला टेकवू नये म्हणावं, घोडा अडखळतो.

मी बरा आहे. पहिल्या परिच्छेदात बरा आहे लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं म्हणजे माझं डोकं कालपासून भट्टीसारखं तापलंय, आणि भट्टी निदान रविवारी विझवतात.

झालं असं. आमच्या ओतकामाच्या कारखान्यात मूर्तिकाराने कोपऱ्यात मातीचा एक मोठा नमुना घडवून ठेवला होता, ओल्या फडक्यात गुंडाळून. काल साचा काढायचा म्हणून फडकं सोडलं, तर खुर्चीत आपले थोरले मास्तर बसलेले! तेच ते काकांच्या अभ्यासाच्या खोलीतल्या तसबिरीतलं नाक. दादाचं, काकांचं, माझं. सगळी पोरं एकदा त्याच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि खिदळतात. भट्टीवाला म्हणाला, लेका, मेल्यावर पुतळा होतो ऐकलं होतं, तू तर जिवंतपणीच बसलास.

मालकाने मग उलगडा केला. काम काकांनी दिलंय. माझा पुतण्या तुमच्याकडे आहे, तेव्हा काम मनापासून होईल, असं पत्रात लिहिलंय म्हणे. गेली नऊ-दहा वर्षं ज्यांनी माझं नाव काढलं की ताट बाजूला सारलं, त्यांना आता मी पुतण्या!

पोरांनी विचारलं, कोण रे हा म्हातारा. मी सांगितलं, माझे पणजोबा. बाळराजे सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. हे त्यांचे मास्तर. मग राजा लहान म्हणून कारभारही यांच्याच हातात आला, आणि पंधरा वर्षं यांनी राज्य चालवलं. कालवा काढला, गावोगाव शाळा काढल्या. पोरं म्हणाली, मग तू असा कसा निघालास? मी म्हणालो, पुढचं ऐका. राजा नीट शिकावा म्हणून यांनी त्याच्या आईला नदीपलीकडच्या हवेलीत नेऊन ठेवली, आणि तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत तिला भेटू दिलं नाही. त्यावर कोणी हसलं नाही.

पुतळ्यात मास्तरांच्या शेजारी बाळराजे उभे आहेत, हातात पुस्तक, खांद्यावर मास्तरांचा पंजा. मुलाचा चेहरा प्रसन्न हवा, अशी काकांची सूचना. मूर्तिकाराने तीनदा तोंड बदललं, तरी ते पोर प्रसन्न दिसत नाही. दात काढल्यासारखं दिसतं. आणि जोड घासून गुळगुळीत करायचं काम कोणाकडे? माझ्याकडे.

आता खरी गोष्ट. दादाच्या पत्रात (साडेतीन ओळी, नेहमीप्रमाणे) शेवटी लिहिलंय की टिटवीला सातवं लागलं, काका तिला बसवायचं म्हणतात. वहिनी, हे काय आहे? बसवायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तुला माहीत आहे का? लगेच लिही.

टिटवीला पापा, दादाला माझा नमस्कार आणि एक चिमटा. माझ्यावर लोभ आहेच, जरा रागही ठेवत जा, दोन्ही लागतात.

तुझा
भिंगरी


१३ नोव्हेंबर

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

घोड्याचा पाचवा पाय पळताना जास्तीचा लागतो, असं उत्तर आहे. वर, काकाला एवढंही कळत नाही का, असं विचारलंय.

पुतळ्यावरून इथे रोज रणधुमाळी चालू आहे. एक बाजू म्हणते, थोरले मास्तर दिवाण नसते तर आपण आजही डबक्याचं पाणी पीत असतो. दुसरी बाजू म्हणते, पुतळा उभारायचाच तर राणीसाहेबांचा उभारा. रोज संध्याकाळी त्या नदीकाठी येऊन मुलाला हाक मारायच्या आणि ती पाण्याच्या आवाजात विरून जायची, हे म्हणे जुन्या माणसांनी ऐकलेलं आहे. काका म्हणतात, ही कादंबरी. आमच्या गल्लीत तर दूधवाला आणि न्हावी या पायी एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे तुमच्या दादांची दाढी आणि आमचा चहा दोन्ही उशिरा होतात.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. मागच्या आठवड्यात काका स्वतः घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले, आणि घरचा नेम मला समजावून सांगितला. एवढी वर्षं या घरात आहे, पण घरात त्या वयाचं मूलच नव्हतं म्हणून हे कधी निघालं नाही. शिकणारं मूल आईच्या हाकेबाहेर असलं पाहिजे. सातव्या वर्षी त्याला घरातल्या वडील माणसाकडे बसवायचं. त्या दिवशी आईने आपल्या दारात उभं राहून मुलाच्या नावाने तीन हाका मारायच्या. मूल तेव्हा तिकडे अभ्यासाच्या खोलीत. खोलीतल्या कोणालाही एक जरी हाक ऐकू आली तरी घर फार जवळ, मुलाला बसवता येत नाही. नाही आली, तर मूल त्याच क्षणापासून तिथे. शेवटची परीक्षा होईपर्यंत. वर्षातून एक दिवस भेट.

आपलं कालव्याच्या वसाहतीतलं घर आणि काकांचं घर यांच्यात अख्खा बाजार आहे. ऐकू येणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. परीक्षा पुतळ्याच्या अनावरणाच्या दिवशी सकाळी, आणि संध्याकाळी समारंभात काका जाहीर करणार की घराण्यातली पहिली मुलगी बसली. मुलगी, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मला वाटलं, मी आभार मानावेत अशी अपेक्षा होती.

तुमचे दादा काय म्हणाले ते विचारू नका. पंख्याकडे बघत होते.

आणि भाऊजी, मला दोन्हीकडून कापणारी गोष्ट ही, की टिटवीला जायचंय. काकांकडे पृथ्वीचा गोल आहे, दुर्बीण आहे, आणि ते शिकवतात तसं कोणी शिकवत नाही हे तुम्हीही नाकारणार नाही. शनिवारी तिला तासभर नेलं तर येताना ती मला ग्रहण कसं लागतं ते दोन लिंबं आणि कंदील घेऊन दाखवत होती. मी तिला विचारलं, रात्री कुठे झोपशील? म्हणाली, घरी. तिला कोणी सांगितलेलंच नाही.

जेवणाची आबाळ करू नका. भट्टीजवळ सैल कपडे घालू नका. माया आहे म्हणून बजावते, उगाच नाही.

तुमची
वहिनी


१९ नोव्हेंबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

साष्टांग लिहिलेला आहे, घातलेला नाही.

टिटवीला तुम्ही हात लावायचा नाही. हे पत्र एवढ्याचसाठी आहे. बाकीचं राग आला म्हणून लिहितो.

आम्ही दोघं तुमच्याकडे बसलो तेव्हा हाकेची परीक्षासुद्धा झाली नाही, कारण आई त्याच घरात राहत होती. बाबा जाऊन दोन महिने झाले होते. तुम्ही तिला मामाकडे पाठवलंत. ती टांग्यात बसली तेव्हा तुम्ही मला सतराचा पाढा विचारत होता. मला तो येत होता, काका. अजून येतो.

सहा वर्षं. वर्षातून एक दिवस ती यायची, सतरंजीच्या कडेला बसायची, आणि आमच्या वह्या बघायची. वाचता येत नव्हतं तरी बघायची. तुमच्यासमोर आम्हाला जवळ घ्यायची तिला लाज वाटायची.

तुमच्या घरून पळालो तो मी आधी तिच्याकडेच गेलो. तुम्हाला वाटतं मी थेट कारखान्यात गेलो. दोन रात्री ट्रकच्या टपावर काढल्या. आई दारात आली. तिने मला ओळखलं, लगेच ओळखलं. आणि म्हणाली, या, बसा, पाणी आणते. सख्खी आई, मला अहो म्हणाली. आठ दिवस राहिलो, आठही दिवस अहो. मी म्हणालो, आई, अरे म्हण. म्हणायची, हो, म्हणते हं, तुम्ही जेवून घ्या. मग मी तिथूनही निघालो. परवाच्या साली ती गेली तेव्हाही मी तिच्या लेखी शिकायला गेलेला मोठ्या घरचा मुलगाच होतो.

कालव्याचं पाणी मीही प्यायलोय. थोरल्या मास्तरांनी शाळा काढल्या, त्या मी पाडायला निघालेलो नाही. पण त्यांनी एक गोष्ट हरामखोरपणाची केली, आणि नेमकी तीच तुम्ही घराण्याची म्हणून जपून ठेवलीत. कालवा नाही जपलात, त्याच्या काठाला भगदाडं पडली आहेत.

टिटवीला शिकवा. दुपारी न्या, संध्याकाळी परत आणून सोडा. एवढं जमत नसेल तर तुम्हाला शिकवता येत नाही, फक्त कोंडता येतं.

तुमच्या आशीर्वादाची सवय राहिलेली नाही, तरी उत्तराची वाट बघतो.

पुतण्या (मालकाला लिहिलंत तोच)


२६ नोव्हेंबर

चि. भिंगरी यास,
आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. त्यातील चुका तांबड्या शाईने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवीत आहे. अक्षर मात्र चांगले राहिले आहे. ते मी गिरवून घेतले होते.

थोरल्या मास्तरांविषयी हरामखोर हा शब्द वापरण्याआधी तू इतके तरी ठाऊक करून घ्यायचे होतेस की राणीसाहेबांचे तीन भाऊ राजवाड्यात तळ ठोकून होते, खजिन्याच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, आणि बाळराजांना सहाव्या वर्षी अफूची गोळी दिल्याशिवाय झोप लागत नसे. आईचा पदर धरून तो मुलगा राजा झाला नसता. विसाव्या वर्षी मेला असता. त्यांनी एका बाईला दुःख दिले, हे मी नाकारत नाही. त्या बदल्यात दोनशे गावांना पाणी दिले. सौदा कसा होता ते ज्याला पाणी मिळाले त्याला विचार.

तुझ्या आईविषयी. ती साधी, सोशिक बाई होती. तुम्हा दोघांचे शिक्षण व्हावे ही तिचीही इच्छा होती. तुझा दादा आज कालव्याच्या कचेरीत अभियंता आहे. एकाच नेमाने दोघे वाढलात. तू लोखंड घासतोस त्याचा दोष नेमाकडे नाही.

आणि मला शिकवू नकोस की मुलाला काय होते. मीही सातव्या वर्षी बसलो होतो. माझी आई गेली त्या दिवशी माझा भूमितीचा पेपर होता. मला पेपर झाल्यावर सांगण्यात आले. मी जिल्ह्यात पहिला आलो. आईपासून तोडल्याने काय होते असे तू विचारतोस ना? माणूस पहिला येतो.

मुलगी तल्लख आहे. तुम्हा कोणापेक्षाही. अर्धे शिक्षण मी देत नाही.

मूर्तीच्या जोडांकडे लक्ष दे. प्रकृती सांभाळ.

तुझा
काका


३ डिसेंबर

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

काकांचं उत्तर आलं. माझंच पत्र परत आलं म्हण. तांबडं लाल करून! शुद्धलेखनाच्या चुका काढल्या त्याचं काही नाही, असतील. पण जिथे जिथे मी आई लिहिलंय तिथे तिथे खाली रेघ, आणि समासात लिहिलंय: पुनरुक्ती टाळावी. वहिनी, मी ते पत्र कारखान्यात उभ्याने वाचलं आणि हातातली कानस अशी भिरकावली की भट्टीवाल्याच्या डब्याला लागून त्याचं दुपारचं जेवण सांडलं. त्याला माझा डबा दिला. उपाशीपोटी राग आणखी चढतो हे तेव्हा कळलं.

खोटं सांगत नाही, ते भूमितीच्या पेपरचं वाचून क्षणभर माझा राग उतरला होता. मग दुप्पट चढला. ज्याला स्वतःला लागलंय त्याने तरी दुसऱ्याच्या पोराला मारू नये ना!

पुतळा ओतून झालाय. मी रोज त्या पोराच्या चेहऱ्यावर बसलेलो असतो, हातात ग्राइंडर. एक झटका आणि ते खोटं हसू गेलं असतं. परवा तर चाक तोंडाजवळ नेलंही होतं. मूर्तिकार मागून म्हणाला, याने तुझं काय घोडं मारलंय. खरंच होतं. त्या पोराने काय केलंय? त्याला तर आधीच सगळ्यांनी घासलाय. मी जोड घासले आणि उतरलो. माझ्याकडून काम चोख झालंय, याचाही मला रागच आलाय.

आता नीट ऐक. मी पुतळ्याच्या ट्रकबरोबर येतो. मालकाने नाही म्हटलं तर नोकरी सोडून येतो. समारंभात उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो आमच्या आईचं काय केलं ते. आणि समज मला पोचायला उशीर झाला, तर तू हाका अशा मार, गळा फाटला तरी चालेल, अशा मार की बाजारातल्या वजनकाट्यांची पारडी हलली पाहिजेत. दूधवाला, न्हावी, सगळ्यांना दारात उभं कर, सगळ्यांनी मिळून ओरडा. एक हाक पोचली की काकांचा नेम काकांच्याच गळ्यात.

दादावर विसंबू नकोस. दादा काकांसमोर दगड होतो. लहानपणी आई वर्षाच्या भेटीहून परत निघाली की मी भोकाड पसरायचो, आणि तो पुढचं पान उलटायचा.

टिटवीला सांग, तिचा काका येतोय, पाच पायांनी.
माया असू दे, आणि घशाला कोमट पाणी घेत जा.

तुझा
भिंगरी


९ डिसेंबर

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

येऊ नका. दोन ओळींत लिहिते कारण पत्र लवकर पोचायला हवं. तुम्ही आलात की सगळा गाव तुमच्याकडे बघेल, काका आणि तुम्ही भांडाल, आणि माझी मुलगी कोपऱ्यात उभी राहून बसवली जाईल. तुम्हाला तुमच्या आईचं भांडायचंय, ते खरं आहे, पण ते वेगळं आहे. आणि गळा फाटेपर्यंत ओरड असं दूर बसून सांगणं फार सोपं असतं. तुम्ही पळालात. मला पळता येत नाही, मला इथे राहून जिंकायचंय. रागावलात तर रागवा, आपल्यात त्याला बंदी नाही.

तुमची
वहिनी


२८ डिसेंबर

चि. भाऊजींस,
अनेक आशीर्वाद.

आला नाहीत, माझं ऐकलंत. तुमच्यासारख्या माणसाने एका जागी बसणं म्हणजे काय ते मला कळतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पुतळा चौथऱ्यावर चढला. संध्याकाळी अनावरण झालं, राणीसाहेबांच्या बाजूच्या लोकांनी घोषणा दिल्या, काका फक्त कालव्यावर बोलले, आणि लवकर खाली बसले. मुलीचं काही जाहीर झालं नाही. का झालं नाही ते सांगते.

सकाळी दहाला परीक्षा होती. साडेनऊलाच तुमचे दादा टिटवीला घेऊन काकांकडे गेले. तिला नवा फ्रॉक घातला होता. तिच्या पिशवीत तिने स्वतःच दोन लिंबं टाकली, काकांना ग्रहण दाखवायला. दादांनी जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मी मनात म्हटलं, भाऊजी म्हणतात ते बरोबर आहे, दगडच. शेजारीण कोमट पाणी घेऊन आली होती, न्हावी आणि दूधवाला खरंच दोघंही येऊन उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. म्हणाले, ताई, तुम्ही सुरू करा, आम्ही मागून ओढतो.

तिकडे काय झालं ते मला नंतर टिटवीकडून कळलं, थोडं दादांकडून, त्यांच्याकडून शब्द काढायला पक्कड लागते. काका खुर्चीत, ती समोर पाटावर, दादा दाराशी उभे. खिडक्या उघड्या, कारण नेमात तसं आहे. घड्याळात दहा झाले. काका डोळे मिटून बसले होते. बाजाराचा गलका तेवढा येत होता. बराच वेळ गेल्यावर काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, झालं, ऐकू आली नाही. तर तुमचे दादा म्हणाले, मला आली.

काका म्हणाले, मला नाही आली. दादा म्हणाले, तुम्हाला यायची नाही. मला आली. पहिली जरा दबकी होती, दुसरी स्वच्छ. तिसरी तर फारच जवळून.

काकांनी टिटवीकडे बघितलं. तिने दादांकडे बघितलं. मग ती म्हणाली, आई बोलावतेय ना, मग मी जाऊन येते. आणि पिशवी उचलून उभी राहिली.

काकांनी उठून खिडक्या लावल्या. मग म्हणाले, ठीक आहे, घर जवळ पडतं. मग घर बदलावं लागेल. सूनबाईंनी काही वर्षं माहेरी राहावं, पूर्वी तुमच्या आईची केली तशी व्यवस्था करता येईल. भाऊजी, हे ऐकून तुमच्या दादांनी काय केलं असेल? आवाज चढवला नाही. त्यांना चढवता येतच नाही. ते म्हणाले, काका, एकदा आईला लांब पाठवून झालंय. तेव्हा ती टांग्यातून वळणापर्यंत हाका मारत होती, त्या मला सगळ्या ऐकू येत होत्या, आणि मी पाढा म्हणत होतो. आता या घरात हाक ऐकू येणार. टिटवी रोज दुपारी शिकायला येईल आणि दिवस मावळायच्या आत घरी जाईल. तुम्हाला शिकवायचं असेल तर शिकवा.

काका म्हणाले, अर्धं शिक्षण मी देत नाही. दादा म्हणाले, बरं. आणि मुलीचा हात धरून बाहेर पडले.

आज दहा दिवस झाले. काकांनी अजून बोलावलेलं नाही. टिटवी दोन दिवस रडली, गोलासाठी आणि दुर्बिणीसाठी. माझ्यावर रुसली, म्हणाली, तू एवढ्या मोठ्याने हाक का मारलीस. तिचं नुकसान झालंय हे मला दिसतं, आणि काकांचा मला अजून संताप येतो, की एवढं देण्यासारखं जवळ असून माणूस ते असल्या अटीवर देतो. लिंबं तशीच तिच्या पिशवीत सुकली आहेत, ती फेकू देत नाही.

घरी आल्यावर तुमचे दादा पायरीवर बसून बूट सोडत होते. मान वर न करता म्हणाले, छान खणखणीत मारलीस. मी हो म्हटलं.

भाऊजी, हे फक्त तुम्हाला लिहिते. त्या सकाळी दहाचे ठोके पडले, शेजारीण म्हणाली हं, मार आता. मी दारात उभी राहिले, आणि मला असा काही संताप आला की दातांवर दात बसले. आई हाक मारते ती मुलाने यावं म्हणून. पोचू नये म्हणून हाक मारायची, आणि ती पोचली नाही हे सिद्ध करायला माझाच आवाज वापरायचा? राणीसाहेबांना केलंत, सासूबाईंना केलंत, पण मी माझ्या तोंडाने नाही करणार. न्हावी म्हणत होता, ताई, वेळ चाललाय. शेजारीण रडायला लागली. मी पदर मुठीत धरून तशीच उभी राहिले, दादा आणि टिटवी बाजाराच्या वळणावर दिसेपर्यंत.

मी हाक मारलीच नव्हती.

दादांना हे कळवू नका. आमच्याकडे या चार दिवस, हाकेच्या टप्प्यात. लोभाचं वेगळं लिहीत नाही, तुम्हाला ऐकू जात असेल.

तुमची
वहिनी